काकाजीचं हार्ट स्कॅन

बाल्या (गाव): रविवारी आर्वीले कॅम्प हाय. पॉम्प्लेट टाकलं पाहा. हार्ट स्कॅन अर्ध्या भावात. काकाजीचं नाव देऊ काय? फवारणीचा पंप पाठीवर घेतला का त्याईची छाती भरून येते.

काकाजी: काई नाई, गॅस हाय. सोडा घेतला का ढेकर येते, मोकळं होते.

सोनू (नागपूर): बाल्या, थांब. खाली बारीक अक्षरात काय लिहिलं ते वाच. कॅल्शियम स्कोअर. मी सीटीच्या मशीनवरच काम करते, रोज करते हे. त्यात डाय (नळ्या दिसाले टोचतात ते औषध) नसते, सुई नसते. हृदयाच्या नळ्यांवर चुना किती बसला एवढंच मोजते. शून्य म्हणजे चुना नाई, ४०० च्या वर म्हणजे लय. ज्याले काहीच त्रास नाई पण कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी का नाई याचा घोळ आहे, त्याच्यासाठी चांगली तपासणी. काकाजीले त्रास आहे. अन् नळीच्या भिंतीत चरबीचा नवा चट्टा बसते तो मऊ असते, त्यात चुना दिसत नाई. उद्या शून्य आला तर काकाजी तो कागद भिंतीले लावतील अन् खर्रा (तंबाखू-सुपारी) डबल करतील.

काकाजी: खर्रा मंदात काहून आणतं बापा

दादा: मागच्या साली टीएमटी झाली ना त्याईची? नॉर्मल होती.

सोनू (नागपूर): दादा, टीएमटीत पट्ट्यावर चालवून हृदयाले रक्त कमी पडते का ते कळते. नळी चांगली अरुंद झाल्याशिवाय बरेचदा पडत नाई. भिंतीतला चट्टा पाहाचा तर सीटी अँजिओ. हातातून डाय देतात, अंगात एकदम गरम वाटते (पेशंट म्हणतात लघवी झाली का काय!). ठोके ६० च्या आसपास आणाले आधी गोळी देतात, कारण हलत्या हृदयाचा फोटो पुसट येते. श्वास रोखाचा काही सेकंद. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहतात, अन् शुगरची मेटफॉर्मिन कधी बंद ठेवाची ते डॉक्टर सांगतील.

भाऊजी (हिंगणघाट): लसूण, अद्रक, लिंबू, ॲपल व्हिनेगर. सगळे ब्लॉक साफ. फॉरवर्ड करू काय?

सोनू (नागपूर): भाजीत टाका भाऊजी.

दादा: पण फोटो काढून फरक पडते काय? का नुसता खर्च?

सोनू (नागपूर): स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४१४६ लोकांवर पाहिलं, २०१८ ले छापून आलं. ५ वर्षांत हार्टनं मृत्यू किंवा अटॅक, नेहमीच्या तपासणीत ३.९ टक्के, सोबत सीटी केलेल्यांत २.३. फोटोनं कोणी बरं होत नाई. चट्टा दिसला म्हून कोलेस्टेरॉलच्या गोळ्या योग्य माणसाले सुरू झाल्या. पण कोणाले कोणती तपासणी, हे डॉक्टर ठरवते, पॉम्प्लेट नाई. उद्या सेवाग्रामले मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा. काकाजी, एक खरं सांगा. बसल्या जागी कधी दुखलं?

काकाजी: नाई

काकू: खोटं बोलून राह्यले. परवा राती अर्धा घंटा बसून होते खाटेवर. घामानं बनियान ओली. आज न्हाणीपर्यंत गेले तरी दम लागला. मले म्हणे पोट्ट्याईले सांगू नको.

सोनू (नागपूर): काकू, मग सीटी-बीटी सोडा. उद्याची ओपीडीबी नाई, आत्ताच निघा. कॅज्युअल्टीत ईसीजी अन् ट्रोपोनिनचं रक्त, हृदयाले इजा झाली का ते त्यात कळते. ईसीजी चांगला आला तरी घरी पळून येऊ नका, रक्त पुन्हा तपासतात. काकाजीनं गाडी चालवाची नाई, गाडीपर्यंतबी हळू. निघाच्या आधी दुखलं तर १०८ लावा.

काकाजी: सकाळी वेचणीले बारा बाया येऊन राह्यल्या

बाल्या (गाव): बाया मी पाहतो. दादा, बोलेरो काढ.

दादा: काढली. काकू, टीएमटीची फाईल अन् शुगरच्या गोळ्यांची पिशवी घ्या. आधारबी.

काकू: घेतलं. खिशातला खर्राबी काढला.