शब्दचर्चा : अवकाश की अंतराळ, आणि 'शून्य गुरुत्वाकर्षण' म्हणावं का?

नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, तिला शाळेत 'अंतराळातलं जगणं' यावर मराठीत पाच मिनिटं बोलायचंय. तयारी घेताना शब्दांपाशीच आमचं अडतंय. अवकाश आणि अंतराळ एकच का? रॉकेटला अग्निबाण म्हणायचं की प्रक्षेपक? आणि मुख्य म्हणजे पेपरात सर्रास 'शून्य गुरुत्वाकर्षणात राहणारे अंतराळवीर' असं येतं, ते तिने लिहून घेतलं आणि मग मलाच विचारते की गुरुत्वाकर्षण शून्य असेल तर ते स्थानक पृथ्वीभोवती फिरतंच कशाला, सरळ निघून का जात नाही? जाणकारांनी सांगा प्लीज.

*

ताई, लेकीने नेमक्या जागी बोट ठेवलंय, म्हणून आधी तिच्याच प्रश्नाचं बोलतो, बाकीचं इतर लोक सांगतीलच. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि 'शून्य गुरुत्वाकर्षण' हा शब्द मराठीतून जावा असं मला फार मनापासून वाटतं, कारण तो नुसता सैल नाहीये, तो उलटं शिकवतो.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्या डोक्यावर साधारण ४०० किलोमीटरवर आहे. हे अंतर मुंबई-कोल्हापूर रस्त्याच्या आसपासचं झालं, फक्त उभं. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असते. मग माणसं तरंगतात कशी, तर ती पडत असतात! स्थानक ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने आडवं चाललेलं असतं आणि त्याच वेळी पृथ्वीकडे पडतही असतं, पण पृथ्वी गोल असल्यामुळे ते जितकं खाली येतं तितकीच खालची जमीनही वळून लांब जाते, त्यामुळे पडणं चालूच राहतं आणि साधारण दीड तासात एक फेरी होते, दिवसाला सोळाच्या आसपास सूर्योदय. आता स्थानक, त्यातला माणूस, त्याच्या हातातला चमचा, पाण्याचा थेंब सगळे एकाच चालीने पडतायत, त्यामुळे कुणाचाच भार कुणावर येत नाही. वजनकाटा पायाखाली धरला तर तोही तुमच्याबरोबर पडतोय, दाखवणार काय.

तेव्हा भाषणात 'वजनरहित अवस्था' म्हणू द्या, आणि का ते सांगताना 'मुक्त पतन'. 'सूक्ष्मगुरुत्व' हा शब्द संशोधनाच्या लेखात ठीक आहे, पण ऐकणाऱ्याला पुन्हा ओढच कमी झाली असं वाटतं, म्हणून मी वर्गात टाळतो. आणि वजन गेलं तरी वस्तुमान जात नाही हे एक वाक्य जरूर घाला. तिथेही दोनशे किलोची पेटी हलवायला जोर लावावा लागतो, आणि एकदा हलली की थांबवायलाही तेवढाच.

*

सरांचं पटलं. अवकाश-अंतराळाबद्दल माझं मत देते.

अवकाश म्हणजे मुळात मोकळीक, जागेची किंवा वेळेची. 'परीक्षेला अजून अवकाश आहे', 'यथावकाश कळवतो' हे आपण रोज म्हणतो. हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी, म्हणून त्यांना अंतरिक्ष जवळ करावं लागलं, आपल्याला ती अडचण नाही. अंतराळ म्हणजे मधली पोकळी. जुन्या देवळात गाभारा आणि सभामंडप यांच्या मधल्या भागाला आजही अंतराळच म्हणतात, जाणकारासोबत देऊळ बघितलंत तर हा शब्द कानावर पडेल.

वापरात मात्र दोघांनी कामं वाटून घेतली आहेत. अवकाशयान, अवकाश संशोधन इकडे, अंतराळवीर आणि अंतराळ स्थानक तिकडे. 'अवकाशवीर' मी तरी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मला स्वतःला माणसांचा वावर असेल तिथे अंतराळ आणि विश्वाचा पसारा म्हणायचा असेल तिथे अवकाश बरं वाटतं, पण हा नियम नाही, कानाची सवय आहे. मुलीने भाषणभर एकच धरावा, विषय बघता अंतराळ.

हद्द कुठून सुरू होते असं कुणी विचारलं तर १०० किलोमीटरची कारमन रेषा सांगायची. ती मानलेली रेषा आहे, तिथे हवा एकदम संपत नाही.

*

आता रॉकेट, हा माझ्या आवडीचा भाग. अग्निबाण हा शब्द हल्ली लोकांना पुस्तकी वाटतो, पण त्यातला 'बाण' अगदी अस्सल आहे. अठराव्या शतकातल्या लढायांच्या वर्णनात तोफांच्या सोबतीने जे 'बाण' येतात ते धनुष्याचेच असं समजू नका, त्यात दारू भरलेली रॉकेटंही असत. हैदर अली आणि टिपूच्या फौजेतले लोखंडी नळीचे बाण इंग्रजांनी अंगावर झेलले, नमुने मायदेशी नेले, आणि पुढे विल्यम काँग्रीव्हने त्यावरून आपलं रॉकेट बनवलं. आणि दिवाळीत बाटलीत ठेवून आपण काय सोडतो? बाणच की! तेव्हा अग्निबाण बिनधास्त वापरा, रॉकेटही वापरा, दोन्ही आपलेच.

प्रक्षेपक म्हणजे उपग्रह किंवा यान वर नेऊन सोडणारं रॉकेट, पीएसएलव्ही, एलव्हीएम३ वगैरे. क्षेपणास्त्र म्हणजे शस्त्र, ते यात मिसळू नका. आणि यान म्हणजे रॉकेट नव्हे! बातम्यांत 'चांद्रयान आकाशात झेपावले' आणि फोटो रॉकेटचा, त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. १४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोट्याहून जे उडालं ते सुमारे ६४० टनांचं एलव्हीएम३, त्यातलं चांद्रयान-३ जेमतेम ३.९ टनांचं, म्हणजे शंभरातला एक भागसुद्धा नाही. बाकी बहुतेक सगळं इंधन आणि ते जाळायला लागणारा ऑक्सिडायझर, कारण वर हवा नाही आणि रॉकेटला सगळी शिदोरी घरून न्यावी लागते. म्हणूनच टप्पे असतात, रिकामी टाकी ओढत नेण्यापेक्षा सोडून द्यायची. थ्रस्टला कोशात प्रणोद सापडेल पण बोलताना 'रेटा' म्हणा, पटकन कळतो. हा रेटा हवेवर आपटून मिळत नाही हेही सांगा, गरम वायू जोराने मागे फेकला जातो म्हणून रॉकेट पुढे जातं, निर्वातातसुद्धा.

एक राहिलंच, 'प्रक्षेपण' शब्दाची पंचाईत. टीव्हीवर दाखवणं तेही प्रक्षेपण, त्यामुळे 'प्रक्षेपणाचं थेट प्रक्षेपण' असं वाक्य होतं. तिथे दुसऱ्याला प्रसारण म्हणावं, वाद मिटतो.

*

खूप खूप आभार सगळ्यांचे! तिला सगळं वाचून दाखवलं. आता तिच्या दोन शंका : 'तरंगतात' म्हटलेलं चालेल का, कारण पाण्यात तरंगतात ते वेगळं ना? आणि स्पेसवॉकला मराठीत काय?

*

पाण्यात तरंगताना पाणी आपल्याला वर उचलून धरतं, इथे कुणीच धरत नाही, त्यामुळे मुलीची शंका रास्त आहे. पण बोलीत तरंगणं इतकं रुळलंय की मी ते चालवून घेतो. नेमका हवा असेल तर 'अधांतरी' बघा, ना वर टेकलेलं ना खाली. 'झोपताना पिशवी भिंतीला बांधतात, नाहीतर माणूस अधांतरी फिरत राहील' हे ऐकायलाही छान. त्याला जोडून पंख्याचं सांगा. तिथे गरम हवा आपोआप वर जात नाही, कारण वजनच नसेल तर हलकं-जड कुठलं, म्हणून हवा यंत्राने खेळती ठेवावी लागते, नाहीतर झोपलेल्या माणसाच्या तोंडापाशी त्याच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. पायांवर भार नसल्याने हाडं झिजतात, म्हणून रोज दोनेक तास व्यायाम. पावाचा चुरा उडू नये म्हणून पावाऐवजी चपातीसारखे टॉर्टिया. आणि वर्गाला आवडेल असं, २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला स्थानकावर गेले तेव्हा त्यांनी गाजर हलवा आणि मूग डाळ हलव्यासोबत आमरसही नेला होता.

*

स्पेसवॉकचं मी सांगते. 'अंतराळात चालणं' नको, कारण तिथे पाय चालतच नाहीत, बाहेरच्या कठड्यांना धरत हातांनी सरकायचं असतं, आणि दोरीने बांधलेलं असतं ते वेगळंच. १८ मार्च १९६५ ला सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर पडणारे जगातले पहिले माणूस ठरले, तेव्हा ते बारा मिनिटंच बाहेर होते, आता सहा-सात तास दुरुस्तीचं काम चालतं. सुनीता विल्यम्स यांनी असे नऊ केलेत, मिळून ६२ तास. इतक्या कष्टाच्या कामाला 'वॉक' तरी कुठे शोभतो, पण शब्द रूढ झालाय, म्हणून स्पेसवॉकच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे यानाबाहेर पडून केलेलं काम' असं जोडावं. अंतराळवीर स्त्रीसाठीही अंतराळवीरच, 'वीरांगना' करायची गरज नाही. 'अंतराळवीर सुनीता विल्यम्स बाहेर आल्या', क्रियापद सांगतंच की.