कापडी नॅपी: लंडनच्या पावसात वाळतात का हो?

नमस्कार मंडळी,
बाळ दोन महिन्यांचं होतंय. सासूबाई सांगलीहून जुन्या धोतराचे मऊ लंगोट शिवून घेऊन आल्यात आणि दिवसभर तेच बांधतात, पण एकदा शू झाली की लंगोट, दुपटं, झबलं सगळंच बदला, आणि बाहेर पाऊस. दुसरीकडे डिस्पोजेबलने बिन भरून वाहतोय तेही बघवत नाही. इथे मिळतात त्या कापडी नॅपी कुणी वापरल्यात का? फ्लॅट आहे, बाग नाही, ड्रायर नाही.
– प्रि., हाउन्स्लो

*

अगं प्रि.,
धुण्याचं काही नाही गं, ते मशीन करतं, खरी गोम वाळवण्यात आहे. ती ऑल-इन-वन नॅपी मिळते ना, सगळे थर एकत्र शिवलेली, ती दिसते गोड पण नोव्हेंबरात दोन-दोन दिवस दमट राहते, तू त्या वाटेला जाऊच नकोस. तुझ्याकडे लंगोटाचं कापड आहेच, तेच घडी घालून पॅडसारखं ठेव आणि वरून फक्त वॉटरप्रूफ कव्हर घे. पातळ कापड उलगडून एअररवर (कपडे वाळवायच्या घडीच्या स्टँडवर) टाकलं की सकाळपर्यंत खडखडीत. कव्हरला शी लागली तरच धुवायचं, नाहीतर पुसून जरा वारा लागू द्यायचा. आणि सासूबाईंना सांग, लंगोट खुशाल उकळा पण कव्हर उकळायचं नाही, रेडिएटरवरही नको, आतलं कोटिंग आणि इलॅस्टिक दोन्ही जातं.

बादलीत भिजत घालू नकोस, कोरड्याच पिशवीत साठव, दोन-तीन दिवसांनी आधी गार पाण्याचा रिन्स मग ६० डिग्रीवर वॉश. फॅब्रिक कंडिशनर बंद म्हणजे बंद, त्याने कापडावर थर बसतो आणि शू मुरायच्या ऐवजी मांडीवरून ओघळते. लंडनचं पाणी जड, त्यामुळे पावडर घालताना हात आखडू नकोस, नाहीतर अमोनियाचा असा वास येतो की विचारू नकोस. सध्या अंगावरच्या दुधावर आहे तोवर शी सरळ मशीनमध्ये गेली तरी चालते. वरण-भात सुरू झाला की मात्र आधी टॉयलेटमध्ये झटकायची, आणि आपल्याकडचा जेट इथे का नाही ते तेव्हा आठवतं! नॅपीत शी झेलायला जो पातळ कागदी लायनर ठेवतात, त्यावर फ्लशेबल लिहिलेलं असलं तरी बिनमध्येच टाक, पाइप तुंबतात.

रात्री मी सरळ डिस्पोजेबल लावायचे. झोप पण लागते ना माणसाला.
– मी., हॅरो

*

सर्वांस नमस्कार,
जरा मिठाचा खडा टाकतो. इथल्या सरकारी एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा २००८ चा अहवाल आहे, अडीच वर्षांचा हिशोब धरला तर डिस्पोजेबलचा कार्बन साधारण ५५० किलो आणि कापडीचा ५७०. म्हणजे पर्यावरणाच्या नावाने एवढी धुणी कशाला? आमच्या वेळी पर्याय नव्हता म्हणून आईने केलं.
– काका, वेम्बली

*

काका, तो अहवाल पुढे वाचा ना, त्यातच म्हटलंय की मशीन पूर्ण भरून लावलं, दोरीवर वाळवलं आणि त्याच नॅपी दुसऱ्या बाळालाही वापरल्या तर कापडीचे २०० किलो कमी होतात. ५७० हा सरासरीचा आकडा आहे, त्यात ड्रायरवाले पण आले. शिवाय २०२३ मध्ये डेफ्राचा (इथल्या पर्यावरण खात्याचा) नवा अहवाल आला त्यात कापडीचा कार्बन डिस्पोजेबलपेक्षा साधारण २५ टक्क्यांनी कमी आहे. प्रि.कडे तर ड्रायरच नाही, तिला का घाबरवताय :)

प्रि., काही काउन्सिल कापडी नॅपीसाठी व्हाउचर देतात, तुमच्याकडे आहे का विचार, नवीन घ्यायच्या आधी. आणि सासूबाई आहेत तोवर त्यांना दूध पाजल्यावर बाळाला पायावर घेऊन 'शूऽऽ' करायला सांग, आमच्याकडे आईने तेच केलं आणि दिवसाचे निम्मे लंगोट वाचले, ते कुठल्याच अहवालात नाही!
– स., स्लाऊ

*

थँक यू सगळ्यांना! सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणतात मी हेच पहिल्या दिवसापासून सांगतेय. मी. ताई, कव्हर लहान साईजची घेऊ की बटणांनी मोठी होणारी? बाळ अजून पाच किलोचं नाही.
– प्रि.

*

आत्ता लहानच, बटणवाली मांडीला सैल बसतात आणि तिथूनच गळतं. माझ्याकडे पोटमाळ्यावर पडलीत, शनिवारी हॉलवर आणते, विकत घेऊ नकोस.
– मी.