ग्रामसभेतलं ‘एकमत’ की गुप्त मतदान? मेंढा-लेखाचं मॉडेल सगळीकडे चालेल का?

मुक्काम_पोस्ट

लोकशाही, विकेंद्रीकरण, पर्यायी राजकारण असल्या विषयावरच्या कुठल्याही शिबिरात जा, पहिल्या चहाच्या आत मेंढा-लेखा येतंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही दोन नावं त्यामागे. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार थेट ग्रामसभेकडे आला. ग्रामसभेत मतदान होत नाही, निर्णय सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला.

मेंढ्याबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण आहे ते मेंढा दाखवून ‘बघा, निवडणुका आणि बहुमत यांची गरजच नाही’ असं शिकवणाऱ्या आपल्या अभ्यासक-कार्यकर्त्यांशी. एका जमातीचं, एका जंगलावर जगणारं गाव आणि मराठवाड्यातलं पाच आळ्यांचं, सात जातींचं गाव यांत काही फरक आहे की नाही? आमच्याकडे ‘एकमत’ म्हणजे काय ते जानेवारी 2021 मध्ये दिसलं. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणेत सरपंचपदाची जाहीर बोली लागली, दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या आल्या, पैसे म्हणे मंदिराला. नंदुरबारच्या खोंडामळीतही तसंच. राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. गावात तोवर सगळं बिनविरोधच चाललं होतं की!

गरिबाला गावात तोंड उघडता येत नाही. मतदानाच्या पडद्याआड त्याचं बोट तरी त्याचं असतं. ते काढून घेऊ नका, एवढंच म्हणणं आहे.

धानोरा_रोड

मुक्काम, उमराणेचा लिलाव आणि मेंढ्याची सहमती एका तागडीत टाकलीत, कमाल केलीत. लिलावात ज्याच्याकडे पैसा त्याचं चाललं. सहमतीत एकटा माणूसही ‘नाही’ म्हणून विषय अडवू शकतो. बहुमतात 51 जण 49 जणांना गुंडाळून ठेवतात, ते चालतं तुम्हाला?

आणि मेंढ्याचं अर्धंच सांगितलंत. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचा माणूस येऊन बसू शकतो, प्राध्यापक येवो नाहीतर वकील. बोलायचं, कागद वाचायचे, वाद घालायचा, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि त्या निर्णयात पाहुण्याचा वाटा नाही. बांबू गौण वनोपज आहे, म्हणजे इमारती लाकूड नव्हे तर गावाने गोळा करून विकता येईल असा जंगलमाल, हे वनखात्याशी वर्षानुवर्षं भांडताना गावकरी कायद्याचं कलम बोट ठेवून दाखवायचे, ते या वाचनामुळे. आपल्याकडे उलटं असतं: विद्वान येतो, भाषण ठोकतो, ठरावाचा मसुदाही तोच लिहून देतो आणि हात मात्र गावाने वर करायचे.

‘एक जमात म्हणून जमलं’ हेही आता पुरतं खरं नाही. गडचिरोलीतल्याच कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. तेंदूपत्ता विकताना ठेकेदाराशी भाव ठरवायला त्या एकत्र बसतात. प्रतिनिधींत बायाही आहेत.

खडूस_काकू

‘एकटा माणूस विषय अडवू शकतो’ हे ऐकायला छान वाटतं हो. पण अडवल्यावर दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर त्याचं दळण कोण घेणार? जातपंचायतीतही सगळं एकमतानेच होतं की. कुणाला वाळीत टाकायचं, कुणाच्या मयताला जायचं नाही, पंच बोलले की सगळ्यांची मान हलते. त्यापायी सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, 2017 पासून तो लागू आहे. त्यासाठी अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी किती खस्ता खाल्ल्या! आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत गावाबद्दल जे सुनावलं ते उगाच नव्हतं. गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं, आणि घटनेने गाव नाही तर व्यक्ती हे एकक धरलं याचा मला आनंद आहे, असा त्यांचा सूर होता.

आता बाटलीचं बघा. आडव्या बाटलीचं मतदान माहितीय ना? 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी दारूचं दुकान बंद करा असं निवेदन दिलं की गुप्त मतदान घ्यावं लागतं. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. ग्रामसभेत नवरा, दीर, सासरा समोर बसलेले असताना एक बाई तोंड उघडत नाही. त्याच बाया चिठ्ठीवर बाटली आडवी करतात.

आकडेमोड्या

काकू, त्यातली खोच सांगायची राहिली. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे मुंबईला गेलेली, माहेरी गेलेली, यादीत नाव राहिलेली मयत बाई, सगळ्यांची मोजणी उभ्या बाटलीत. त्यामुळे आलेल्या बायांनी भरभरून आडवी केली तरी दुकान उघडंच राहू शकतं. गुप्त मतदानाचं कौतुक करताना नियम कुणी लिहिला तेही बघावं.

मुक्काम_पोस्ट

@धानोरा_रोड, अभ्यासगटाचा मुद्दा मान्य. तेवढी एक गोष्ट उचलावी, कुठल्याही गावात चालेल. माझा आक्षेप सहमतीच्या सक्तीला आहे. एखाद्या प्रश्नावर अमुक इतक्या लोकांनी मागणी केली तर ग्रामसभेतच गुप्त मतदान घ्यावं, अशी तरतूद हवी. म्हणजे चर्चा खुली आणि मत झाकलेलं.

धानोरा_रोड

तशी तरतूद झाली तर पहिला फायदा गटबाजांना. चर्चेला यायचंच नाही, मतदानाच्या वेळी गाडी भरून माणसं आणायची. आजच कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी बघा. शंभर मतदार किंवा 15 टक्के, जे कमी असेल ते, तेवढ्यावर ग्रामसभा होते आणि तेही जमत नाहीत म्हणून तहकूब करून पुन्हा घेतात. निम्म्या ठिकाणी ग्रामसेवक घरोघर फिरवून सह्या आणतो. बसून ऐकायची सवय नसलेल्या गावात चिठ्ठी टाकून काय उजेड पडणार?

खडूस_काकू

बसून ऐकतो ना आम्ही, ओसरीत, मागे. आणि मुक्काम, ‘अमुक इतक्यांनी मागणी केली तर’ म्हणता, ती मागणी करणार कोण? बाटलीच्या निवेदनावर सह्या उघड असतात. कागद घेऊन दारोदार फिरणाऱ्या बचत गटाच्या बायांची नावं दुकानदाराला त्याच संध्याकाळी कळतात. पेटीपर्यंत पोचायलाच आधी चारचौघांत पुढे यावं लागतं. तेव्हा शिबिरवाल्यांनी बरोबर फिरावं, मॉडेल नंतर सांगावं.