थेंबांची तुलना सशाच्या डोळ्यावर: कितपत ग्राह्य?

मूळ लेखन (औषधविक्रेती, सांगली)

मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की हमाल लाल, चुरचुरणारे डोळे घेऊन माझ्या दुकानात येतात आणि कोणते थेंब चांगले, असे विचारतात. परवा एक औषध प्रतिनिधी पत्रक ठेवून गेला. त्यात कोरड्या डोळ्यांच्या आजारासाठी, सशांवरील प्रयोगाच्या आधारे, सोडियम हायलुरोनेटचे थेंब कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजपेक्षा सरस ठरवले आहेत; दोन्ही डोळ्याला वंगण देणारे थेंब. माझा आक्षेप असा की, त्या सशांना हा आजार झालेलाच नव्हता, तो घडवलेला होता. बेन्झाल्कोनियम क्लोराइडचे ०.१ टक्के द्रावण रोज डोळ्यात घालून कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा, वरचा थर झिजवायचा, फ्लुओरेसिन हे रंगद्रव्य घालून निळ्या प्रकाशात झिजलेल्या जागी दिसणारे हिरवे ठिपके मोजायचे आणि मग थेंबांनी ते किती कमी झाले ते पाहायचे, अशी ती रीत आहे. हेच रसायन सुमारे ०.०१ टक्के प्रमाणात कित्येक थेंबांच्या बाटल्यांत परिरक्षक, म्हणजे जंतू वाढू नयेत म्हणून घातलेले रसायन, म्हणून असते, हे मला फार खटकते. शिवाय माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो, तर ससा कित्येक मिनिटे लववत नाही. थेंब डोळ्यावर टिकून राहणे हेच ज्या औषधाचे बळ, त्याची परीक्षा सशावर घेतली तर निकाल आधीच झुकलेला असतो.

प्रतिसाद (औषधशास्त्राचे अध्यापक, मिरज)

ताई, आजार घडवलेला असतो म्हणूनच तुलना शक्य होते. माणसांत वय, हवा, संगणक, इतर औषधे अशी सगळी सरमिसळ असते, आणि रुग्णाची तक्रार व तपासणीतील खुणा पुष्कळदा जुळत नाहीत. उंदराला स्कोपोलामाइन हे स्राव आटवणारे औषध टोचून कोरड्या वाऱ्यात ठेवले की अश्रुग्रंथीचा स्राव आटतो, दाह वाढतो आणि श्लेष्मा स्रवणाऱ्या गॉब्लेट पेशी घटतात. पुढे ग्रंथी काढून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते, जे रुग्णाच्या बाबतीत आपण करणार नाही. एका प्राण्यावरून थेंबांचा क्रम लावू नये हे मान्य, पण ससा निरुपयोगी, हे मान्य नाही.

प्रतिसाद (पशुवैद्यक, शिरवळ)

तुम्ही दोघेही कुत्र्याला विसरलात. त्याला हा आजार आपोआप होतो, बहुधा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने अश्रुग्रंथीवर केलेल्या हल्ल्यामुळे. गेल्या वर्षी आणलेल्या एका शिह त्झू जातीच्या कुत्र्याच्या डोळ्यांतून चिकट, पिवळट तारा ओघळत होत्या आणि कॉर्निया जुन्या काचेसारखा निस्तेज झाला होता. शिर्मर पट्टी, म्हणजे अश्रू किती येतात ते मोजायला पापणीत अडकवायची कागदाची पट्टी, मिनिटभरात ३ मिलिमीटर भिजली. निरोगी कुत्र्यात ती १५ किंवा त्याहून अधिक भिजते. प्रतिकारशक्तीचा हा हल्ला आवरणारे सायक्लोस्पोरिन मलम सुरू केल्यावर सहा आठवड्यांनी ती १२ वर आली. अमेरिकेत ०.२ टक्के मलमाला कुत्र्यांसाठी १९९५ मध्ये मान्यता मिळाली आणि माणसांसाठीच्या ०.०५ टक्के थेंबांना २००२ मध्ये. कुत्र्याने दाखवलेल्या वाटेनेच माणसाचे औषध आले.

मूळ लेखिकेचे उत्तर

डॉक्टर, वाट दाखवली हे खरेच, पण पुढचे आकडेही पाहा. त्या मानवी चाचण्यांत सहा महिन्यांनी शिर्मर पट्टीचे भिजणे किमान १० मिलिमीटरने वाढलेले रुग्ण सुमारे १५ टक्के होते आणि औषध नसलेले तेच द्रावण घेणाऱ्यांत सुमारे ५ टक्के. फरक खरा आहे, पण तुमच्या दवाखान्यात दिसतो तितका ठळक नाही. कारण मला वाटते असे: कुत्र्यात पाणीच आटते, तर माणसांत पुष्कळदा पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी बिघडून अश्रू लवकर उडून जातात. सायक्लोस्पोरिन कुत्र्यावर जिंकेल आणि वंगण देणारे थेंब सशावर जिंकतील. दोन्ही निकाल खरे असतील, पण एकमेकांशी ताडता येणार नाहीत. पत्रकावर मात्र प्राण्याचे नाव तळटीपेत, डोळे ताणूनही वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत असते.

प्रतिसाद (औषधशास्त्राचे अध्यापक, मिरज)

तळटीपेबाबत मी तुमच्या बाजूने आहे. तरीही प्राण्यावर न पाहिलेले नवे रसायन थेट हमालाच्या डोळ्यात घालायला मी तयार होणार नाही, आणि तुम्हीही होणार नाही.

प्रतिसाद (पशुवैद्यक, शिरवळ)

ताई, यार्डातल्या त्या हमालांपैकी एकाच्या तरी डोळ्याला आजवर शिर्मर पट्टी लागली आहे का?

मूळ लेखिकेचे उत्तर

नाही. आलेल्या प्रत्येकाला आधी नेत्रतज्ज्ञाकडे जा असे सांगते. रोजगार बुडतो म्हणून बहुतेक जण जात नाहीत.