लॉन्ग कोविडसाठी हायपरबॅरिक ऑक्सिजनचं ४० सिटिंगचं पॅकेज घ्यावं का?

घोडबंदरकर:
वहिनीला कोविड होऊन गेला पण थकवा काही जात नाहीये, भाजी चिरता चिरता ओट्यापाशीच स्टूल ओढून बसते आणि बोलताना साधे शब्द आठवत नाहीत. आता ठाण्यातल्या एका सेंटरने हायपरबॅरिक ऑक्सिजनची, म्हणजे जास्त दाबाच्या बंद चेंबरमध्ये बसून शुद्ध ऑक्सिजन घ्यायची, ४० सिटिंग सांगितलीत, सगळे पैसे आगाऊ. माझं स्पष्ट मत, हे चुकीचं आहे. डायबेटिसच्या पायाच्या जखमा, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, खोल पाण्यातून वर येताना पाणबुड्यांना होणारा त्रास, यासाठी ही ट्रीटमेंट मान्य आहे. कोविडसाठी मंजुरी नाही, हे औषधं-उपचारांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्येच लोकांना सांगितलंय.

नेरुळची ताई:
मंजुरी नाही म्हणजे उपयोग नाही असं कुठे आहे? २०२२ मध्ये इस्रायलच्या शमीर मेडिकल सेंटरचा अभ्यास आला, ७३ पेशंट, काहींना खरी ट्रीटमेंट आणि बाकीच्यांना नुसतंच चेंबरमध्ये बसवलं, कोणाला काय मिळतंय ते पेशंटला माहीत नव्हतं. खरी ट्रीटमेंट घेणाऱ्यांचं लक्ष, एनर्जी, झोप सुधारली. इथे डॉक्टर "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवतात, मग माणसाने करायचं काय?

घोडबंदरकर:
ताई, ७३ जणांवरून घरातली एफडी मोडायची का?

खारघर सेक्टर २०:
मला एक कळत नाही, ऑक्सिमीटर ९८ दाखवतो मग अजून ऑक्सिजन जाणार कुठे?

नेरुळची ताई:
९८ म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं आहे. चेंबरमध्ये दुप्पट दाब असतो, त्याने जास्तीचा ऑक्सिजन थेट रक्ताच्या पाण्यात, प्लाझ्मात विरघळतो. म्हणूनच १.३ अ‍ॅटमॉस्फिअरच्या, म्हणजे नेहमीच्या हवेच्या १.३ पट दाबाच्या, फुगवायच्या मऊ चेंबरला त्या इस्रायलच्या अभ्यासाचा दाखला देणं फसवणूक आहे, त्या अभ्यासात २ अ‍ॅटमॉस्फिअर आणि मास्कने १०० टक्के ऑक्सिजन होता.

कळवा नाका:
पायाच्या जखमेसाठी मी स्वतः घेतलीय, जखम भरली. पण कान बंद व्हायचे, विमान उतरताना होतात तसे, पण जास्त, आणि चष्म्याचा नंबर काही दिवस बदलला होता. आणि दादा, वहिनींचं जाणं-येणं बघा, आठवड्यातून ५ दिवस, दीड-दीड तास आत, वर माजिवड्याचा ट्रॅफिक. लॉन्ग कोविडमध्ये झेपेल त्याहून जास्त केलं की दुसऱ्या दिवशी माणूस पार आडवा होतो, ते आधी धरा.

नेरुळची ताई:
हे पटलं. तरी मी घेऊच नका म्हणणार नाही, वाट बघण्यात लोकांच्या नोकऱ्या जातायत.

घोडबंदरकर:
ठीक, सेंटरला विचारतो. दाब किती, आधी छातीचा एक्स-रे आणि कान तपासणार का, आत डॉक्टर असतो का, आणि मध्येच सोडलं तर उरलेले पैसे परत देणार का. लेखी देत नसतील तर वहिनीला नाही नेणार.