गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या उतारावर गेडीने दिलेली झाडांची उंची धरायची का?

रानातली बाय:
एमएस्सीच्या प्रबंधासाठी म्हादई नदीच्या बाजूचा गेडीचा (अंतराळ स्थानकावरून लेझर सोडून झाडांची उंची मोजणारं नासाचं यंत्र) डेटा गूगल अर्थ इंजिनवरून घेतलाय. आमच्या वाड्यामागच्या डोंगरावर एका ठिपक्यात (लेझर जमिनीवर पडतो तो गोल) आरएच ९८, म्हणजे जवळपास शेंड्याची उंची, चक्क ४१ मीटर! तिथे किंदळ, नाणा, मधूनमधून जांभा ही झाडं. लहानपणापासून त्या रानात फिरतेय, २५ मीटरच्या वरचं झाड कोणी दाखवावंच मला. खाली कुळागरातले (सुपारीच्या बागेतले) आकडे मात्र पटतात. गाईड म्हणतात, क्वालिटी फ्लॅग १ आहे ना, मग ठेव. ठेवू?

घाटउतार:
नको. सिग्नल वाचण्याजोगा होता एवढंच तो फ्लॅग सांगतो, डोंगर किती तिरका ते नाही. ठिपक्याचा व्यास २५ मीटर. ३० अंशांचा उतार धर, वरच्या कडेची जमीन खालच्या कडेहून १४ मीटर उंच झाली. मग जमिनीवरून परतणारा प्रकाश एका उंचीवरून येतच नाही, पसरतो. जमीन खालच्या टोकाला धरली गेली आणि झाड वरच्या टोकाला असलं, की झाडाच्या उंचीत डोंगर मिसळला. २० अंशांवरचं सगळं काढून टाक.

मोलेकर:
सगळं काढलं तर म्हादई अभयारण्यात उरेल काय, नदीकाठ? टाकू नकोस बाय, उतारानुसार वेगळे गट कर. आणि तारखा बघ. पावसाळी ढगांतून लेझर जात नाही, त्यामुळे बहुतेक डेटा कोरड्या दिवसांतलाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये किंदळ-नाणा पानं गाळतात, जमीन नीट सापडते. पण छत्राची दाटी कमी भरते. ऑक्टोबरात नेमकं उलट. दोन्हींची सरासरी काढू नकोस (काढणारे आहेत!). गेडीचे ठिपके आठ रांगांत पडतात, त्यांपैकी चार पूर्ण ताकदीच्या लेझरच्या असतात, दाट रानात त्याच घे.

रानातली बाय:
पाहिलं. नोव्हेंबरचा ठिपका, रांग कमी ताकदीची, उतार ३३ अंश. रविवारी बाबांना घेऊन क्लिनोमीटरने (कोन मोजायचं साधन) मोजते. ठिपक्याच्या मध्यापासून किती लांबची झाडं घेऊ?

घाटउतार:
ठिपक्याची त्रिज्या साडेबारा, आणि त्याची जागाच दहाएक मीटर इकडेतिकडे असू शकते. म्हणजे साडेबावीस. टेप आडवा धर, उतारावर लोळवू नकोस. झाडाच्या शेंड्याबरोबर बुंध्याचाही कोन घे, नाहीतर हातानेही डोंगरच मोजशील. बाबांना कोयता घ्यायला सांग, तिथे कारवी माजलेली असते.