स्लीव्ह की बायपास? जुनी ॲसिडिटी, नऊ वर्षांचा मधुमेह आणि दोन सर्जनांची दोन मते

कृष्णाकाठ:
वहिनींच्या बॅरिॲट्रिक (वजन उतरवण्याच्या) ऑपरेशनचा निर्णय या महिन्यात घ्यायचा आहे. वय ४२, उंची १५६ सेंमी, वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४२.७. मधुमेह नऊ वर्षे जुना. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि रात्री १८ युनिट इन्सुलिन घेऊनही एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.६. छातीत जळजळ रोजची, आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल वर्षभर चालू. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला ग्रेड बी सूज आणि २ सेंमीचा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला). हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) १४. पूर्ण शाकाहारी, अंडेही नाही.

एक सर्जन म्हणतात स्लीव्ह करू, ऑपरेशन सोपे आणि आतड्याला हात लागत नाही. दुसरे म्हणतात मिनी बायपास, वजन जास्त उतरेल. राहणे कऱ्हाडजवळ, पुणे दीडशे किलोमीटरवर. काय पाहून ठरवायचे?

टाके_आणि_स्टेपलर:
किती किलो उतरणार हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. वहिनींचा निर्णय त्या एंडोस्कोपीच्या कागदावरच अर्धा झाला आहे.

स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरच्या वळणाकडचा ७० ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढतात. आत एक जाड नळी ठेवून तिच्या कडेने स्टेपलर चालवतात आणि केळ्यासारखी अरुंद पिशवी उरते. वरचा फुगीर भाग गेल्याने भूक वाढवणारे घ्रेलिन कमी होते, हा फायदा खरा. पण त्या भागाबरोबर अन्ननलिका आणि जठर यांच्यातला कोनही बिघडतो. खाली पायलोरसची (जठराच्या तोंडाशी असलेली) झडप शाबूत, मधली नळी अरुंद, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि आम्ल वर चढते. ज्यांना आधी जळजळ नव्हती त्यांनाही ती सुरू होऊ शकते. वहिनींना तर सूज आणि हर्निया दोन्ही आहेत. फिनलंडमधल्या स्लीव्हपास चाचणीत दहा वर्षांनी एंडोस्कोपी केल्यावर अन्ननलिकेची सूज स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांत आढळली, बायपासवाल्यांत ७ टक्क्यांत. जादा वजनातली घटही स्लीव्हमध्ये ४३.५ आणि बायपासमध्ये ५१.९ टक्के होती.

हर्निया शिवून घेऊन स्लीव्ह करता येते, काही सर्जन करतात. पण शिवण सैल पडली तर तीच अरुंद नळी छातीत सरकते. मग शेवटी बायपासच करावा लागतो, तोही एकदा कापलेल्या जठरावर.

मिनी बायपासमध्ये जठराची लांब नळी करून आतडे एकाच ठिकाणी जोडतात. एकच जोड असल्याने वेळ कमी लागतो. पण पित्त त्या जोडावरूनच पुढे जाते, त्यामुळे ते नळीत आणि तिथून अन्ननलिकेत उलटू शकते. आधीच सुजलेल्या अन्ननलिकेला हा धोका का द्यायचा? रू-एन-वाय बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिली एवढीच पिशवी ठेवतात आणि तिला जोडलेला आतड्याचा १०० ते १५० सेंमीचा भाग फक्त अन्नाचा असतो. पित्त त्याच्या खाली येऊन मिळते, ते वर पोचत नाही. म्हणून जळजळीवर हेच ऑपरेशन इलाज म्हणूनही चालते. तुमच्या दोन्ही सर्जनांनी हा तिसरा पर्याय का सुचवला नाही, हे त्यांना सरळ विचारा.

मधुमेहाचे पारडेही बायपासकडे झुकते, पण अपेक्षा नीट ठेवा. नऊ वर्षे झाली, इन्सुलिन सुरू झाले, म्हणजे स्वादुपिंड थकलेले असू शकते. सी-पेप्टाइड (स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवते ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. ते चांगले असेल तर इन्सुलिन सुटण्याची आशा मोठी. 'मधुमेह गेला' असे म्हणायला औषधाशिवाय तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहावे लागते.

जठरवाटिका:
वरच्या मताशी बहुतांशी सहमत, पण मिनी बायपासला थोडा न्याय द्यायला हवा. ते बदनाम झाले ते आतड्याची लांबी न मोजता सरसकट २०० सेंमी किंवा त्याहून जास्त आतडे अन्नाच्या वाटेतून वगळल्यामुळे. फ्रान्समधल्या योमेगा चाचणीत २०० सेंमी वगळले होते. दोन वर्षांनी वजनातली घट रू-एन-वायइतकीच निघाली, मात्र कुपोषणाच्या गंभीर तक्रारी फक्त मिनी बायपासच्या गटात आल्या. आज बरेच सर्जन १५० सेंमीवर थांबतात. जळजळ नसलेल्या, मांसाहारी, नियमित तपासणीला येणाऱ्या माणसाला ते चांगले ऑपरेशन आहे. वहिनींकडे यातले पहिले दोन नाहीत.

रू-एन-वायचेही दोष ऐकून घ्या. आतड्याची नवी मांडणी करताना मेसेंटरीत (आतडे धरून ठेवणाऱ्या पडद्यात) फटी राहतात. वजन उतरले, आतली चरबी घटली की त्या मोठ्या होतात आणि आतडे त्यात अडकू शकते. हे ऑपरेशननंतर महिन्यांनी, कधी वर्षांनीही होते. पोटात पिळवटून दुखते, थांबते, पुन्हा दुखते, आणि सीटी स्कॅन साफ येऊ शकतो. म्हणून विचारा: 'पीटरसनची फट (वर नेलेल्या आतड्यामागची) आणि खालच्या जोडाची फट, दोन्ही शिवता का?' उत्तर गुळमुळीत आले तर दुसरीकडे जा.

दुसरे म्हणजे जोडावरचा अल्सर. तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्या ही त्याची मोठी कारणे. आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून फॉर्मवर 'तंबाखू नाही' असे लिहिले जाते आणि सकाळची मिश्री राहून जाते. ती असेल तर आधी सोडायची. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन कायमचे बंद; कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनच असते. दुखले तर पॅरासिटामॉल. एच. पायलोरीची (जठरात अल्सर करणाऱ्या जंतूची) तपासणी झाली नसेल तर ती आणि गरज पडल्यास तिचा उपचार ऑपरेशनच्या आधी उरकून घ्या. नंतर उरलेल्या मूळ जठरात साध्या एंडोस्कोपीने पोचता येत नाही.

पित्ताशयात खडे आहेत का, हेही सोनोग्राफीत पाहा. वजन झपाट्याने उतरताना खडे होतात, त्यासाठी अर्सोडीऑक्सीकोलिक ॲसिड ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सहा महिने देतात.

ताक_आणि_कढण:
मी आहाराच्या बाजूने लिहिते. मला या रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त खटकला तो फेरिटिन १४ हा आकडा.

लोह शोषले जाते ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला, आणि दोन्ही बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. आधीच रिकामी तिजोरी घेऊन ऑपरेशनला गेल्या तर वर्षभरात धाप लागेल, केस गळतील. आता पँटोप्राझोल चालू असताना गोळ्यांनी फेरिटिन वर येणे कठीण, म्हणून शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज एका बैठकीत १००० मिग्रॅपर्यंत देता येते. पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर त्याचाही इलाज आधी, नाहीतर भरलेले परत वाहून जाईल.

बी-१२ तर तिहेरी मार आहे: शाकाहार, वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन आणि आता ऑपरेशन. पायाला मुंग्या आल्या की मधुमेहावर खापर फुटते आणि बी-१२ कोणी पाहत नाही. महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन हा सोपा मार्ग.

ऑपरेशननंतर रोजचे, आयुष्यभर: मल्टिव्हिटॅमिन, पाळी चालू आहे तोवर ४५ ते ६० मिग्रॅ लोह, कॅल्शियम सायट्रेट १२०० ते १५०० मिग्रॅ पण एका वेळी ५०० च्या वर नाही, डी-३ रोज ३००० युनिट आणि पुढे तपासणीनुसार. कॅल्शियम कार्बोनेट नको, त्याला आम्ल लागते. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचे अंतर. आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा अजिबात नाही. सकाळी उठल्या उठल्या चहा हवाच असेल तर लोह रात्री झोपताना घ्या.

प्रथिने दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. शाकाहारात हे बसवायला हिशोब मांडावाच लागतो. १०० ग्रॅम पनीर सुमारे १८, २०० मिली दूध साडेसहा, ३० ग्रॅम कोरडी मूगडाळ सात, व्हे प्रोटीन पावडरीचा डब्यातला एक मोठा चमचा (स्कूप) २० ते २४. वाटीभर वरण आणि ताक यावर ६० होत नाहीत, कितीही मन लावून खाल्ले तरी. व्हे प्रोटीन पहिले सहा महिने धरूनच चाला.

पहिल्या दिवशी पाणी औषधाच्या बाटलीच्या झाकणाने, दर दहा-पंधरा मिनिटांनी १५ ते ३० मिली. मग साधारण दोन आठवडे पातळ: गाळलेले मुगाचे कढण, ताक, दूध-व्हे. त्यापुढे मऊ गुरगुट्या वरणभात, कुस्करलेले पनीर. चपाती आणि पाव सहा-आठ आठवड्यांनीसुद्धा जपून, कारण कणकेचा गोळा जोडावर बसतो. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून बऱ्याच जणींना लवकर पचते. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. उसाचा रस, श्रीखंड, बासुंदी टाळा. साखर थेट आतड्यात उतरली की पंधरा मिनिटांत घाम, धडधड, मुरडा सुरू होतो.

क्लेमवाला:
विम्यापुरते. आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) प्रमाणित कलमानुसार बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणे) किंवा आटोक्यात न आलेला टाइप २ मधुमेह यांसारखा आजार असेल तर ही शस्त्रक्रिया ग्राह्य धरतात. वय १८ पूर्ण हवे आणि इतर उपाय करून झाल्याची नोंद हवी. बऱ्याच पॉलिसींत प्रतीक्षाकाळ आहे, तो आधी वाचा.

गफलत होते ती वजनाच्या नोंदीत. यकृत लहान करण्यासाठी ऑपरेशनपूर्वी दोन आठवडे ८०० ते १००० कॅलरींचा आहार देतात. वहिनी ९७ किलोवर आल्या की बीएमआय ४० च्या खाली जातो. म्हणून आजचे १०४ किलो आणि अनवाणी मोजलेली उंची तारखेसह केसपेपरवर लिहून, सही-शिक्का घेऊन ठेवा. इन्सुलिनची प्रिस्क्रिप्शने आणि एचबीए१सीचे जुने रिपोर्टही जोडा.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आधी लोह आणि सी-पेप्टाइड, मग रू-एन-वायबद्दल दोघांनाही विचारतो. एकच शंका: घरी आल्यावर रात्री काही झाले तर गावातल्या डॉक्टरांना काय सांगायचे?

टाके_आणि_स्टेपलर:
ऑपरेशनची पूर्ण नोंद मागून घ्या: पिशवी केवढी, कुठला भाग किती सेंमी, फटी शिवल्या का. तिचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

पहिल्या दोन आठवड्यांत नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणे, यांतले काहीही झाले तर जोड गळतो आहे असे समजून तडक पुण्याला. पोट मऊ लागते म्हणून थांबू नका, जाड पोटात ते उशिरा कडक होते. ग्लिमेपिराइड घरी चालू ठेवू नका, खाणे थांबल्यावर साखर धोकादायक खाली जाते. इन्सुलिनचा नवा डोस डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. मेटफॉर्मिन लांब पल्ल्याची (हळूहळू विरघळणारी) असेल तर साधी गोळी मागा.

आणि दोन-तीन दिवस सलग उलट्या झाल्या तर गावात पहिली गोष्ट होते ती डेक्स्ट्रोज सलाइन. शरीरातले थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) संपलेले असताना नुसते ग्लुकोज दिले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते: डोळे तिरळे होतात, तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखे बोलतो. म्हणून वहिनींच्या पर्समध्ये मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा: 'बायपास झालेला आहे. सलाइनच्या आधी थायमिनचे इंजेक्शन द्या. नाकातून नळी आंधळेपणाने घालू नका. डायक्लोफेनॅक देऊ नका.' खाली सर्जनचा नंबर.